माझ्या नावाची सही

७ सप्टेंबर १९५८

मोटार! काळी, मोठी, दारात उभी. सगळी गल्ली आपापल्या तिन्नैवर, दारच्या ओट्यावर, येऊन बघत होती. धाकट्या बहिणीचं, सुंदरीचं लग्न ठरवायला कुंभकोणमला जायचं. आगगाडीने तास-सव्वा तास, तिकीट आण्यांत — आणि अण्णांनी मोटार भाड्याने आणली! "मुलीचा बाप स्टेशनावरून चालत गेला तर काय म्हणतील गे, राजम?"

मुलाकडची माणसं साधी. मुलगा सूर्यनारायण बँकेत कारकून. वडील शेषाद्रिराव, निवृत्त मास्तर. त्यांनी काही म्हणजे काही मागितलं नाही. कॉफी दिली आणि म्हणाले, एका दिवसात देवळात उरकू. अण्णा हसले. "छे छे! आमचे पणजोबा महाराजांच्या हत्तीखान्यावर होते. लग्न तीन दिवस चालेल. नादस्वर तिरुवारूरहून आणतों की!" शेषाद्रिरावांनी पेला खाली ठेवला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मराठ्यांचं राज्य गेलं, हत्ती जाऊन शंभर वर्षं झाली. त्यांचा खर्च मात्र आमच्या घरी अजून चालू.

परतताना विचारलं, "भाडं किती, अण्णा?" "झालं गे." हे 'झालं गे' दुधाला, कापडाला, वाण्याला — सगळ्याला एकच उत्तर. कलेक्टर कचेरीत दप्तर सांभाळून निवृत्त झाले त्याला बारा वर्षं होतील. पेन्शन माझ्या शाळेच्या पगाराहूनही कमी.

आणि तरी मोटारीत पुढे बसून वारा खाताना त्यांचा चेहरा! लहान मुलासारखा. रागावणार कशी?

११ सप्टेंबर

मद्रासला बी.टी.चा अर्ज टाकला. घरी सांगितलं नाही. पाच वर्षं बिनट्रेनिंगची मास्तरीण — पुरे झालं. पोस्टात सहाशे चाळीस आहेत. पासबुक शाळेच्या कपाटात.

१९ ऑक्टोबर

नवरात्र. गोलूच्या, बाहुल्यांच्या मांडणीच्या, यंदा अकरा पायऱ्या! मागल्या वर्षी सात होत्या. नव्या बाहुल्यांची अख्खी पेटी आली. येणाऱ्या प्रत्येक बाईला हरभऱ्याचं सुंदल, नारळ आणि वर खण. आई कुंकू लावत होती तेव्हा तिचे हात बघितले. काचेच्या बांगड्या.

"सोन्याच्या कुठे आहेत?"

"पॉलिशला दिल्या."

"दोन्ही हातांच्या?"

आईने दारातल्या बाईला मोठ्याने आत बोलावलं.

२ डिसेंबर

लग्न झालं. तीन दिवस झालं. अण्णांनी बोललेलं सगळं करून दाखवलं — नादस्वर, फुलांचा मांडव, रात्रीच्या वरातीला पेट्रोमॅक्सच्या दोन रांगा, ज्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत अशा माणसांच्या पंगती. तिसऱ्या दिवशी जिलब्यांच्या परातीच्या पराती मागच्या दारी उलटल्या. गाईसुद्धा खाईनात.

मंडपाच्या खांबाला टेकून शेषाद्रिराव हळूच म्हणाले, "एवढं कशाला, अप्पाजीराव? आम्हाला मुलगी हवी होती." अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "एकदाच होतं की हे!" माझ्याकडे बघितलं नाही. मी दोन वर्षांनी मोठी. माझं अजून एकदाही झालेलं नाही.

पण खरं लिहायचं तर — मांडवात सगळे त्यांना वाकून नमस्कार करत होते, आणि मला अभिमान वाटला. हो, वाटला. पैसा कुठून आला हे मी त्या तीन दिवसांत एकदाही विचारलं नाही.

१५ डिसेंबर

दूधवाली आली नाही. आईने सांगितलं, काळी कॉफी तब्येतीला बरी.

१९ जानेवारी १९५९

जागा मिळाली! मद्रासचं पत्र. जूनच्या शेवटी हजर व्हायचं, वसतिगृहातही नाव घातलंय. मधल्या सुट्टीत चार वेळा वाचलं. मुलींनी विचारलं, टीचर का हसताहेत?

घरी सांगितलं. आई रडली — बऱ्या अर्थाने. अण्णांनी पत्र हातात घेऊन सावकाश वाचलं आणि परत दिलं. म्हणाले, "जूनला अजून वेळ आहे."

९ फेब्रुवारी

कसं लिहू.

तिसऱ्या तासाला कोर्टाचा अमीन वर्गाच्या दारात. चाळीस मुलींसमोर माझं पूर्ण नाव वाचलं — राजलक्ष्मी, वडील अप्पाजीराव. समन्स. पापनाशमचे भाताचे व्यापारी चिदंबरम पिळ्ळै यांनी माझ्यावर दावा लावलाय. दोन हजार रुपये आणि व्याज. मी प्रॉमिसरी नोट लिहून दिली म्हणे, १ सप्टेंबरला!

या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नाही.

हेडमिस्ट्रेसबाईंनी खोलीत बोलावून पाणी दिलं. "काही अडचण असेल तर आधी सांगायचं होतं." त्यांच्या नजरेत मी आजच्या आज कर्जबाजारी झाले.

१ सप्टेंबर. मोटारीच्या आधी सहा दिवस.

१० फेब्रुवारी

अण्णा तिन्नैवर पेपर वाचत होते. समन्स त्यांच्या मांडीवर ठेवलं. नाकारतील असं वाटलं होतं. रागावतील, शपथ घेतील. काही नाही. चष्मा काढून पुसला.

"जानेवारीत फेडणार होतों गे. जमिनीचे पैसे यायचे होते."

"कुठली जमीन? शेवटचा तुकडा मी कॉलेजात असताना विकला तुम्ही!"

ते पेपरची घडी घालत बसले.

"सही कशी केलीत?"

"तुला अक्षरं मीच शिकवली की. हात धरून." आणि हसायला बघितलं! "या गल्लीत देवनागरीत सही करणारी पोरगी कोण आहे दुसरी?"

"तो हात अजून सोडला नाहीत, अण्णा."

हे मी म्हटलं. म्हणायला नको होतं. त्यांचं तोंड असं झालं की मीच आत गेले. आई चुलीशी बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. नोटिसा दोनदा घरी आल्या, तिनेच पोस्टमनकडून घेऊन त्यांच्या हातात दिल्या. "मला वाटलं, ते निभावतील. आजवर निभावलं की." मग माझा पदर धरला. "तू खरं सांगितलंस तर या वयात त्यांना तुरुंगात घालतील. राजम, ऐकतेस?"

१५ फेब्रुवारी

रविवार. पापनाशमला जाऊन आले, एकटी. पॅसेंजरने अर्धा तास. दोन्हीकडे कापलेली शेतं.

चिदंबरम पिळ्ळै राक्षस असता तर सोपं झालं असतं. म्हातारा, खोकणारा माणूस. ओट्यावर भाताची पोती. मला खुर्ची दिली, ताक दिलं. तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, तुमच्या वडिलांना त्यांच्या नावावर मी एक रुपया दिला नसता. त्यांच्या पेन्शनवर आधीच तिघे टपलेत. तुमची नोकरी बघून दिले. मुलगी शाळेतून येऊ शकत नाही, म्हणून सही घरून आणतो म्हणाले. सभ्य माणूस. विश्वास ठेवला. चूक माझी."

विचारलं, मी सही नाही म्हटलं तर?

बराच वेळ खोकले. "मग मी पोलिसात जाणार. माझ्याही मुलीचं लग्न आहे, अम्मा."

परतीची गाडी दीड तास उशिरा. फलाटावर बसून हिशेब केला. पगार पंच्याण्णव. घर चाळीसात. कसाही केला तरी मद्रास बसत नाही.

२० फेब्रुवारी

आई जेवत नाही. अण्णा जेवतात.

३ मार्च

वकील राममूर्तींकडे गेले. पलीकडच्या गल्लीतले, फी घेणार नाहीत म्हणाले. समन्स वाचलं, माझ्याकडे बघितलं, सगळं समजले असावेत. "सही माझी नाही एवढंच सांगा. बाकीचं कायदा बघेल."

"कायदा कोणाला बघेल, हेच तर विचारायला आले."

ते टेबलावरची दौत उगाच सरकवत राहिले. "तुम्ही सत्तावीस वर्षांच्या आहात, अम्मा. ते सदुसष्ट. एवढंच मला सांगता येईल." कुठल्या बाजूने सांगितलं, अजून कळलेलं नाही.

२२ मार्च

सुंदरी आली होती, नवऱ्याबरोबर, एका दिवसासाठी. अंगावर लग्नातली साडी. तिला काही सांगितलं नाही. अण्णांनी जावयासाठी दोन पायसं करायला लावली. साखर शेजारून.

६ एप्रिल

कोर्ट. मुन्सिफांची खोली लहान, पंखा करकरणारा. अण्णा आले नाहीत. सकाळी देवघरातून उठलेच नाहीत. आई म्हणाली, "तुला जे बरं दिसेल ते." पण माझ्या केसांत मोगरा माळला — लहानपणी परीक्षेला जाताना माळायची तसा.

शपथ घेतली. मुन्सिफांनी कागद पुढे केला. सही बघितली. 'ज'ची गाठ, 'क्ष्मी'चं वळण. माझीच. माझ्याहून नीटच.

"ही सही तुमची आहे का?"

चिदंबरम पिळ्ळै बाकावर, खाली बघत. राममूर्ती खिडकीकडे बघत. मला वाटलं होतं काहीतरी आठवेल, काहीतरी डोळ्यांसमोर येईल. काही आलं नाही. फक्त पंखा.

"होय."

"मोठ्याने सांगा."

"होय. सही माझी आहे."

दोन मिनिटांत निकाल. पोस्टातले सहाशे चाळीस लगेच. बाकी महिना तीस, पगारातून. पाच वर्षं!

बाहेर पिळ्ळै हात जोडून उभे. मीही जोडले.

७ एप्रिल

मद्रासला नकार कळवला. एका कार्डावर मावला.

१२ एप्रिल

अण्णा बोलत नाहीत. मी शाळेतून येते तेव्हा तिन्नैवरून उठून आत जातात. आज ताटावर बसताना मात्र म्हणाले, "राजम, मी तुझा गुन्हेगार आहे." आईने भात वाढला. मी म्हटलं, "रसम गार होतंय."

२१ एप्रिल

ते बदललेत. खरंच बदललेत! घोड्याचा जटका बंद. बाजारात पायी जातात, पिशवी घेऊन. रेशमी उपरणं पेटीत घातलं. काल रस्त्यावर कोणीतरी गाण्याच्या सभेची वर्गणी मागितली तर म्हणाले, "यंदा जमणार नाही." मी मागे उभी होते. हे शब्द त्यांच्या तोंडून सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकले.

३ मे

आजचा दिवस बरा गेला. सुंदरीला दिवस गेल्याचं पत्र आलं होतं, पाचवा महिना लागतोय. डोहाळजेवणाचं आईने भीत भीत काढलं. अण्णाच म्हणाले, "घरच्या घरी करू. चार बायका, चित्रान्न, दही-भात. पुरे की." आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर अण्णा आणि मी मोठ्या देवळापर्यंत चाललो. किती वर्षांनी! चालता चालता म्हणाले, "पाच वर्षांनी तू बत्तीसची होशील. तेव्हा मद्रासला जा. मी सोडायला येतों." मी हसले. मनात म्हटलं, जाऊ दे, पैसे गेले पण माणूस परत आला. पाच वर्षं म्हणजे काही जन्म नाही.

रागाची गाठ सुटल्यासारखं वाटतंय. हलकं.

८ जून

शाळा उघडली. पहिला हप्ता पगारातून कापला. हेडमिस्ट्रेसबाई पुन्हा नीट बोलायला लागल्या.

१८ जून

शाळेत रजिस्टर पत्र. कुंभकोणमच्या एका भांडीवाल्याची नोटीस. चांदीची भांडी, आठशे रुपये, माझ्या नावाची चिठ्ठी. तारीख २ मे. कोर्टानंतर सव्वीस दिवस. देवळापर्यंत चाललो त्याच्या आदल्या दिवशीची.

भांडी सुंदरीच्या सासरी पोचलीसुद्धा, नोटिशीतच लिहिलंय.

घरी गेले नाही. सरळ राममूर्तींकडे. त्यांनी सहीची नक्कल बघितली. "तुम्ही कोर्टात जी आपली म्हणालात, तिच्याशी ही तंतोतंत जुळते. आता काय सांगणार, अम्मा?"

"ही सही माझी नाही," म्हटलं. "आणि पहिलीही नव्हती. लिहून घ्या."