धायरीच्या आजींची सकाळची गोळी

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. आज लिहितेय, कारण माझ्या चुकीमुळे आज एका बाईच्या जिवावर बेतलं होतं. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो आधी माझी समजूत काढेल. तू काढली नसतीस.

मी आता कोथरूडला एका लहान कंपनीत काम करते. म्हाताऱ्या माणसांना औषधाची वेळ सांगणारं एक ॲप आम्ही बनवलंय. ठरल्या वेळी मोबाईल वाजतो, गोळीचं चित्र येतं, एक आवाज म्हणतो, 'सकाळची गोळी घ्या,' आणि खाली एकच मोठं हिरवं बटण असतं, 'घेतली'. चष्मा सापडला नाही तरी जमलं पाहिजे, अक्षरओळख नसली तरी जमलं पाहिजे, हा माझा हट्ट. आवाजही माझाच आहे. ऑफिसातली मुलं म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलं की नाही म्हणायची कोणाची हिंमत होत नाही." मला ते आवडलं होतं. आधी त्या पडद्यावर आणखी एक प्रश्न होता, 'आज उपवास आहे का?' अमरावतीकडून आलेल्या एका मुलीने तो घातला होता. हो म्हटलं की ॲप गोळी घ्या म्हणायचं नाही, डॉक्टरांना विचारा म्हणायचं. पण वापरून बघताना लोक त्या प्रश्नापाशी अडखळत होते, म्हणून मी तो काढायला लावला. ती म्हणाली, "मॅडम, माझी आजी आठवड्यातून दोन उपवास करते हो." मी म्हटलं, "मग आजीला सांग, एक कमी कर. एका पडद्यावर एकच काम." सगळे हसले. तीही हसली, बिचारी.

तुझ्या बिबवेवाडीच्या दवाखान्यातला तो दिवस तुला आठवत असेल. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि तू मला गोळ्यांच्या पुड्या बांधायला बसवलं होतंस. बाहेर ही रांग. मी केसपेपर वाचतेय, पुडी उचलतेय, बाईच्या हातावर ठेवतेय आणि मनात खूश आहे की रांग आईपेक्षा भराभर सरकतेय. एका बाईच्या हातातून तू पुडी काढून घेतलीस. "हिच्या तोंडाकडे बघितलंस? ओठ बघ. आज हरतालिका आहे, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही हिच्या पोटात, आणि तू साखर उतरवायची गोळी देतेस? पदवी मिळाली म्हणजे डोळे मिटून चालतं का?" सगळ्या रांगेसमोर. मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू प्रत्येक बाईला विचारायचीस, काय खाल्लं, कधी खाल्लं, भाकरी की नुसता चहा. मला वाटायचं, किती वेळ घालवते ही.

आज संकष्टी. बारा वाजता माझ्यासमोरच्या यादीत सगळ्या नावांपुढे हिरवी खूण होती. धायरीच्या एका आजींच्या नावापुढेही होती. तेवढ्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. "मॅडम, आमच्या सासूबाई घामानं भिजल्यात, काहीच्या बाही बोलतायत." मी विचारलं, गिळता येतंय का? येतंय म्हणाली. म्हटलं, पाण्यात साखर घाला, आत्ता पाजा, मग रिक्षा बोलवा. "घेत न्हाईत हो. निर्जळी उपास हाय म्हणतात. दात आवळून बसल्यात." मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लावा. आणि ॲपमध्ये बोलते त्याच आवाजात म्हणाले, "आजी, पाणी प्या." मग भांड्याचा आवाज. मग सून म्हणाली, "प्याल्या."

दोन वाजता मी धायरीत पोचले. डॉक्टर तपासून गेले होते, साखर वर आली होती. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "उपासाला गोळी घ्यायची न्हाई, हे मला ठावं हाय. दवाखान्यात सांगितलंय. पण तुमी सकाळी म्हणला, घ्या. म्हटलं, शिकलेली बाई हाय, उगं कशाला सांगंल?" सून आतून म्हणाली, "आमचं मेलं कधी ऐकत न्हाईत, मोबाईलचं ऐकलं." आजींनी माझा हात धरला. "माझंच चुकलं बाई. तुमाला उन्हाचं यावं लागलं."

मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "आता आराम करा." एवढंच.

ऑफिसात येऊन मी अहवाल लिहिला. प्रश्न कोणी काढला, का काढला, कोणी विरोध केला, सगळं लिहिलं, आणि सगळ्या घरांतलं ॲप आजपासून बंद करा असंही लिहिलं. त्या मुलीला केबिनमध्ये बोलावून माफी मागितली. तिला रडू आलं, मला नाही. पाच वाजता अहवाल वरिष्ठांकडे गेला. ते सोपं होतं. तिथे सगळे शिकलेले, चूक म्हणजे काय ते त्यांना कळतं, फार तर नोकरी जाईल.

पण धायरीच्या आजी अजून समजतायत की चूक त्यांची. उद्या सुनेला सांगतील, परवा शेजारणीला सांगतील, की मी येडी, मलाच कळलं न्हाई. फोन माझ्यासमोर आहे. त्यांना एवढंच सांगायचंय की तुम्हाला ठाऊक होतं ते बरोबर होतं आणि मी चुकीचं सांगितलं. दोन वाक्यं. संध्याकाळचे सात वाजत आलेत. हे पत्र तुला पोचणार नाही हे मला पहिल्या ओळीलाच माहीत होतं. तो फोन करावा लागू नये म्हणून मी लिहीत बसलेय.