मुकी वरात

सौंसर

प्रिय विनायकराव,

नमस्कार आणि तक्रार, दोन्ही.

रविवार, ३० नोव्हेंबर, दुपारी साडेबारा वाजता मला इथे परस्पर मृत ठरवण्यात आले.

आता बरी आहे, काळजी नको. त्या दिवशी अर्धशिशी उठली होती. मान वळवली तरी खोली फिरत होती, म्हणून दारे-खिडक्या लावून पडले होते. तेवढ्यात बँड वाजवत एक वरात गल्लीत शिरली. मी उशी कानांवर दाबली. पण माहेरच्या दारापाशी येताच बँड थांबला.

भाचेसून उर्वशी बाहेर विचारून आली आणि म्हणाली, “आत्या, घर बंद दिसलं न, त्यायले वाटलं इथं मयत झाली.”

मी संतापून उठले आणि फटीतून पाहिले. शे-दोनशे माणसे, घोडीवरचा नवरदेव, नटलेल्या पोरी, सगळे एका अनोळखी घराच्या दुःखासाठी मुक्याने चालले होते. घोडीच्या टापा तेवढ्या ऐकू येत होत्या. माझा राग कुठे गेला कळले नाही. पुण्यात आपल्या सोसायटीने दहा वर्षांत मला एवढी शांतता दिली नाही.

गुडघ्याला तेल लावता ना?

परत ये म्हणता, पण मी इथेच राहणार. तुम्ही इकडे येता की नाही, ते १० डिसेंबरच्या आत लेखी कळवा. फोन नको, त्याची घंटा कपाळात घुसते.

तुमचीच,
प्रेमलता