गोवराचं दार

तुंगार्ली, माघ, सन १९३४

जावईबापू बजरंगराव,

तुम्ही दवाखान्यात बाटल्या धुता, म्हणून स्वतःला डॉक्टर समजू नका. आमच्या घरात सात पोरांना गोवर निघाला आणि निंबाच्या पाल्यावरच उतरला. तुमच्या लेकीलाही, शालूलाही, आम्ही तसंच जपत होतो. दाराला निंबाची डहाळी होती, घरात फोडणी बंद होती. आणि तुम्ही चपला घालून आत शिरलात!

"मामा, तिचा खोकला ऐका, कुत्र्यागत भुंकतीय. गोवरात एखाद्याचा घसा आतून सुजतो. सरका!"

"भायेरचं पाऊल चालत न्हाई. देवीआई कोपंल."

"पोरीला दम घेता येईना, आन् तुमी मला कोप सांगताय?"

सासऱ्याला ढकललंत तुम्ही! वर तिला टांग्यातून नेऊन डॉक्टरकडून गळ्याला भोक पाडून नळी बसवलीत. मिरवा आता शहाणपण गावभर.

नळी निघाली. काल तिला आवाज फुटला, घोगरा. पहिली हाक 'आबा' अशी मलाच होती, तुम्हाला नव्हे.

तुमच्यापुढं हात जोडणं मला जमायचं नाही, म्हणून हे पत्र चुलीतच जाईल. पण दार मी अडवलं होतं, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तुमचा सासरा,
गेनबा