घराचं चित्र

मंगळवार, सकाळी, चहा झाल्यावर

चि. भिंगरीस,

आजीचे पुष्कळ आशीर्वाद. कोण आजी, असं विचारशील म्हणून सांगते: तीच, जिच्याकडे तू या महिन्यात आठ दिवस राहून गेलीस आणि जाताना छत्री, चष्म्याची डबी आणि एक मोजा विसरून गेलीस. मोजा धुऊन ठेवलाय. दुसरा अजून तुझ्या पायात असेल तर काढून तूही धू. शाळेत असताना एकदा दप्तर न घेताच निघाली होतीस, तेव्हा हे काही नवीन नाही.

पत्र टाकेवाली लिहितेय. खालच्या मजल्यावर शिवणकाम करते ती. तुझ्या कोटाची बटणं तिनंच लावून दिली होती. मी बोलते, ती लिहिते, आणि पान संपलं की मला वाचून दाखवते, कारण मागच्या खेपेला तिनं माझे दोन चांगले टोमणे परस्पर गाळले होते.

इकडचं सांगायचं तर, जिन्यातला दिवा बदलला. समोरच्या तक्रारबुवांचं म्हणणं, आता उजेड फार होतो. पूर्वी अंधार फार होता. मधलं काही त्यांना चालत नाही. माझे गुडघे होते तिथेच आहेत. बाकी सगळं ठीक.

इथे टाकेवालीनं पेन खाली ठेवलं. बरं बाई, लिही पुढे.

तू आली होतीस ते आठव. पहिले तीन दिवस तू काही केलंच नाहीस, नुसती माझ्या मागे मागे. मी गोळ्या कुठे ठेवते, फोन कोणत्या हातात धरते, चष्मा कधी लावते, सगळं वहीत. मी म्हटलं, हिला याचा पगार मिळतो? तर तू म्हणालीस, "आजी, आधी बघायचं. मग माणसाला काय हवंय ते लिहायचं, मग कागदावर काढायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि अडलं की खोडून पुन्हा काढायचं. फोनमध्ये घालायचं ते सगळ्यात शेवटी." टाकेवालीला हे पटकन कळलं. तीही आधी जुन्या चादरीचा झगा शिवून अंगाला लावून बघते, मगच चांगल्या कापडाला कात्री लावते.

मग तू दवाखान्यासाठी जे अ‍ॅप बनवतेयस, त्याचे कागद माझ्यापुढे मांडलेस. एकेका कागदावर सहा चित्रं, अक्षर एकही नाही, खास माझ्यासारखीसाठी. "समज, तुला चक्कर आलीय. दवाखान्याला कळवायचंय. कुठे बोट ठेवशील? मी काही सांगणार नाही हं."

तोंडानं नाहीच सांगितलंस. पण बसली होतीस माझ्या अगदी समोर. माझं बोट चुकीच्या चित्राकडे निघालं की तुझा खालचा ओठ डावीकडून दाताखाली जायचा. चार वर्षांची होतीस, मी तुझ्या केसांतला गुंता सोडवायचे, तेव्हाही असाच जायचा. बोट बरोबर चित्रावर आलं की तू श्वास सोडायचीस. मी कागदाकडे बघितलंच नाही, भिंगरे. मी तुझ्या ओठाकडे बघून बोट फिरवलं. सगळी बरोबर आली. तू वहीत लिहिलंस आणि मला वाचून दाखवलंस: "आजी, सगळं पहिल्याच खेपेला जमलं." काय फुललं होतं तुझं तोंड. आल्यापासून कोमेजलेली होतीस, मला दिसत नव्हतं का?

वर यात काय फसतं ते मला कळतही होतं. इस्पितळात चादरींची खोली मी बावीस वर्षं सांभाळली. अक्षर येत नाही म्हणून प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका घातला, लाल ऑपरेशनचा, पिवळा बाळंतिणींचा. मी दारात उभी असले की नर्सबाई माझ्याकडे बघत बघत अगदी नेमकी चादर उचलायच्या. मी खूश. मग एक दिवस मी रजेवर गेले आणि ऑपरेशनच्या टेबलावर बाळांची दुपटी पोचली. तेव्हापासून मी दाराआडून बघायला लागले. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आता खरं काय झालं ते. गेल्या बुधवारी मला चक्कर आली. शेगडी बंद केली आणि तिथेच जमिनीवर बसले. घाबरू नकोस, डॉक्टरांनी तपासलं, गोळी बदलली, आता मी टाकेवालीला रागावण्याइतकी बरी आहे. पण तेव्हा फोन कमरेला खोचलेला होता. जाताना तू त्यात घालून दिलेलं अ‍ॅप उघडलं. सहा चित्रं. समोर तुझा ओठ नाही.

मी घरावर बोट ठेवलं. खालच्या कोपऱ्यातलं ते छोटं घर. म्हटलं, मला घरी यायला माणूस हवाय, तर घरच दाबावं. पुन्हा तीच सहा चित्रं आली. मला वाटलं, निरोप गेला. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं, पुन्हा तीच. माणसं येणार म्हणून मी जमिनीवर बसल्या बसल्या केस सारखे केले, पदर नीट घेतला. भाजी शेगडीवर गार झाली. दुपारी टाकेवाली उशीचे अभ्रे द्यायला वर आली तेव्हा मी तिला म्हटलं, "तू कशी आलीस? दवाखान्याची माणसं यायचीत." तिनं फोन बघून सांगितलं, आजी, ते घर म्हणजे पहिल्या पानावर परत जायचं बटण. निरोप कुठेच गेलेला नाही.

त्याच संध्याकाळी तू फोन केलास. "अ‍ॅप कसं वाटतंय, आजी?" मी म्हटलं, अगदी सोपं. चकरेचंही बोलले नाही. तू हसलीस आणि म्हणालीस, एक सोमवार सोडून पुढच्या सोमवारपासून दवाखान्याच्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर जाणार, आणि आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंना मी तुझंच उदाहरण दिलंय.

तेव्हापासून घास गोड लागत नाही. माझ्याकडे टाकेवाली आहे. सगळ्यांच्या खाली टाकेवाली राहत नाही.

फोनवर सांगितलं नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा सोपं म्हणेन. टाकेवाली गुरुवारी दोरे आणायला तुमच्याकडे येतेय, ती हे पत्र तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत उभी राहील, असं मी तिला बजावलंय. हा येता सोमवार थांबव. बाई रागावतील, रागावू देत. त्यांना सांग, आजी खोटं बोलली. दोष माझ्या नावावर घाल, माझं नाव आता कुठे लागणार आहे?

आणि ती वही फाडून टाकू नकोस. तुझी पद्धत चांगली आहे, फक्त बसायची जागा चुकली. परत कागद घेऊन ये, माझ्या पाठीमागे बस, आणि तोंडाला रुमाल बांध. मला एकटीला विचारू नकोस. तक्रारबुवांना विचार. त्यांना तुझ्याबद्दल तिळमात्र माया नाही, ते खरं सांगतील. असे चार-पाच शोध.

रडत असशील तर रड, पण ओठ चावू नकोस, सालं निघतात.

खाली माझा अंगठा आहे. टाकेवालीनं सगळं वाचून दाखवलंय, एक शब्द गाळलेला नाही.

इतके दिवस तुझ्या तोंडाकडे बघून बोलणारी,
तुझी आजी

आणि अंजीर पाठव. मागचे फार छान होते असं मी म्हटलं होतं. ते अजून डब्यातच आहेत. त्या डब्याचं झाकण मला उघडत नाही. टाकेवाली विचारतेय, मला का नाही सांगितलंत? तुला दिलं तेच उत्तर तिला: समोर तोंड दिसलं की खरं बोलवत नाही. तेव्हा या वेळी मऊ बघून घे, कागदी पिशवीत भर, आणि पिशवीचं तोंड नुसतं दुमड.