सोडलेलं तास

आप्पा, तुम्ही बांधाकडेचं शेवटचं तास नांगरायचं का सोडायचात, त्याच्यावरून इकडं भांडण पेटलंय. मला ते औत आठवतं. तुम्ही मागं, मी बैलांपुढं, आणि बांध हातभर राहिला की तुम्ही बैल वळवता. एवढी जागा वाया का घालवता विचारलं तर माझ्यावरच डाफरलात, "बांधाला खेटून नांगरलं की नजर पलीकडं जाती." तुमच्यामागं आईनंही ती पट्टी तशीच ठेवली. नुसतं गवत. पण ती पट्टी गेली तर विहिरीच्या कडेनं आपल्या वावरात टेम्पो शिरत नाही, आणि दुसरी वाट नाही.

शिवरे गावात हायवेकडेच्या जमिनीला भाव आल्यापासून सगळ्यांची कुंपणं चालायला लागलीत. मागच्या आठवड्यात आपल्या शेजारच्या तात्यांनी सिमेंटचे खांब आणले आणि बांध ओलांडून त्या गवतात रोवायला घेतले. मी मोबाईलवर नकाशा दाखवला, तो त्यांनी बघितलाही नाही. भावकीतली चार माणसं जमली होती, त्यांना म्हणाले, पुण्यात शिकली पोर, आता मोबाईल आपल्याला बांध दाखवणार. माणसं हसली. मग माझ्याकडं वळले.

"तुज्या बापानं हितं कधी औत घातलं का? एकदा तरी? तू सांग, म्या ऐकतो."

आई माझ्याकडं बघत होती. खरं काय ते तिलाही माहीत होतं.

"घालायचे," मी म्हणाले.

"आप्पाच्या नावानं सांगतीस?"

"व्हय."

मला वाटलं, आता अंगावर येतील. तात्यांनी पहार घेतली आणि रोवलेले खांब एकेक करून स्वतःच उपटले. तुमच्या नावापुढं ते थांबले, आप्पा. मी नाही थांबले.

आज सकाळी ट्रॅक्टर बोलावला. ड्रायव्हरला सांगितलं, पार बांधाला खेटून घे, गवत ठेवू नको. निदान बोललेलं खरं तरी होऊ दे. आई आत निघून गेली. शेवटचं तास पडलं तेव्हा मी बांधावर उभी होते. पलीकडं तात्यांचं जांभूळ आहे, ज्याच्याखाली तुम्ही दोघं भाकरी खायला बसायचात. तिथं बांध जरासा वाकडा जातो.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगते. बांध सरळ केला तर ते झाड आपल्यात येतं, हे मी बघून ठेवलंय.