तेहेतीस घनमीटर

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तितका). तुझा दमा आणि वहिनीचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही ठीक आहोत. फक्त आठवडाभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून ये-जा करत होतो. पुढचं दार कालच उघडलं.

त्याचं असं झालं. ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनला आठ महिने झाले. डॉक्टर म्हणतात, चाला. हे आपले छताकडे बघत पडून. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, आणि आता पाण्याच्या पेल्यासाठीही मला हाक! म्हटलं, बास. अंगणात उंच वाफा करायचा, म्हणजे न वाकता चार रोपं लावतील. सुताराने फळ्यांची पेटी ठोकून दिली. बारा फूट लांब, चार फूट रुंद, सव्वादोन फूट उंच. गुणाकार मी केला, एकशे आठ घनफूट. इथवर तूसुद्धा चूक काढू शकणार नाहीस.

पण मातीवाला घनमीटरमध्ये बोलतो. मीटर म्हणजे तीन पूर्णांक अठ्ठावीस फूट, हे शिवणाच्या वर्गात मी जन्मभर शिकवलंय. भागलं. तेहेतीस आले. त्याने फोनवर विचारलं, "बाई, नक्की तेहेतीस?" मी म्हटलं, "मास्तरीण आहे मी. तुम्ही माती आणा." (कापड आपण लांबीवर मोजतो, दादा. मातीला लांबी, रुंदी, उंची तिन्ही असतात, म्हणून तीनदा भागायला हवं होतं, हे मला सहावा टिपर उलटल्यावर सुचलं. हवी होती तीन घनमीटर.) वाफा भरला, मग पायऱ्या बुडाल्या, मग दार, मग शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या गाडीची चाकं. जन्मभर लोकांना 'आ' करायला लावणारा माणूस स्वतःच आ वासून उभा. आणि मातीवाला काही ती परत न्यायला तयार होईना.

मी पदर खोचला. घोळ माझा, उपसणारही मीच. अकरावं घमेलं उचलते तोच मागून आवाज आला, "हो बाजूला. किती मागवली होतीस?" वळून बघते तर हे! पायजम्यावर, खिडकीतून उतरून! माझी शिवणाची टेप घेऊन ढिगाला प्रदक्षिणा घातली, शंकूचं घनफळ काढलं आणि गरजले, "तीसच भरतेय! तीन घनमीटरला फसवलं तुला!" जी माती आम्हाला नकोच होती ती कमी दिली म्हणून मातीवाल्याशी तासभर भांडले. (वाफ्यातली तीन धरायला विसरले होते. मी बोलले नाही. चेहऱ्यावर इतकी लाली मी ऑपरेशननंतर पाहिलीच नव्हती.)

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतला जो तो माती मागायला येऊ लागला. हे प्रत्येकाच्या घरी जाऊन कुंड्या, पेट्या मोजतात, घनफुटांची चिठ्ठी देतात, आणि चिठ्ठीशिवाय कुणाला घमेलंभरही उचलू देत नाहीत. काल गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, दादा. एकटे.

वहिनीला नमस्कार. प्रकृतीला जप, आणि हे पत्र ह्यांच्या हाती लागेल असं कुठे ठेवू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. ढीग आता गुडघ्याएवढाच उरलाय आणि आज दुपारी ह्यांनी पुन्हा पलंगाकडे पाहिलं. तेव्हा ह्यांना तातडीने वेगळं पत्र टाक, की तुझ्या परसात मोठा खड्डा आहे, त्यात किती माती लागेल ते कुणालाच काढता येत नाही, येऊन मोजा.

ता. ता. क. खड्डा नसेल तर रविवारच्या आत खणून घे. वाकडातिकडा खण. चौकोनी असला तर अर्ध्या तासात मोजून परत येतील.