पंधरा हात वायर

लिहून ठेवते मी, वय वर्षे एकाहत्तर पूर्ण, अविवाहित, सरकारी नोकरीतून निवृत्त, सध्याचा धंदा पुस्तकबांधणी. डोळे चष्म्यासह ठीक, गुडघे अजिबात ठीक नाहीत, डोकं शाबूत. शेवटच्या बाबतीत डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर निव्वळ स्वतःच्या हट्टाने. याआधी मी दोन मृत्युपत्रं केली होती. त्यांत मालमत्ता तेवढी खरी होती. ती दोन्ही रद्द समजावीत.

हे सगळं अमलात आणायचं काम माझ्या भाचीकडे. ती वकील आहे आणि भांडखोर आहे. पहिल्या गुणापेक्षा दुसऱ्यासाठी तिची निवड केली आहे.

कलम १. घर. खाली बांधणीचं दुकान आणि मागची खोली, वर माझ्या दोन खोल्या, गच्ची. हे सगळं मी बाइंडरना देते. ते गेली सव्वीस वर्षं मागच्या खोलीत राहतात, दुकान चालवतात, भाडं देऊ करतात आणि मी ते घेत नाही म्हणून दर महिन्याला एक दिवस माझ्याशी अबोला धरतात. त्याआधी नऊ वर्षं ते तुरुंगात होते. सरकारी कागदांत त्यांची नोंद 'जहाल गटाचा सदस्य, स्फोटक यंत्र बनवताना पकडलेला' अशी आहे. ती खोटी आहे आणि ती माझ्या हातून झाली. घर म्हणजे त्याची भरपाई नव्हे. वरच्या खोल्यांत सकाळचं ऊन येतं आणि त्यांचे सांधे दुखतात, एवढ्यासाठी घर.

कलम २. हत्यारं. दाबयंत्र, शिवणाची चौकट, दाभणं आणि गोंदाचं भांडं अर्थातच बाइंडरना. कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी मात्र भाचीला. तिच्या फायलींच्या घड्या बघवत नाहीत.

कलम ३. शिडी. माझी लाकडी शिडी सात वर्षांपूर्वी शेजारी 'दोन मिनिटांत आणतो' म्हणून घेऊन गेले. ती मी त्यांनाच देऊन टाकते. त्यांनी यापुढे ती आमच्या गच्चीवरून दिसेल अशी उभी करू नये, एवढीच अट. ते या मृत्युपत्राचे एक साक्षीदार आहेत, तेव्हा हे कलम सही करताना त्यांना वाचायला मिळू नये याची भाचीने काळजी घ्यावी. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही असं तीच मला बजावत असते, म्हणजे शिडी कायद्याने परत येईल. येऊ दे.

कलम ४. आता मुद्द्याचं. मी चौतिसाव्या वर्षी बाइंडरांच्या दुकानात काम मागायला गेले, तेव्हा मला कामाची गरज नव्हती. मी गुप्त खात्याची माणूस होते. दुकानाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी आठदहा जण जमत आणि त्यांच्यात पूल उडवायची भाषा चालते अशी खबर होती. शिवण शिकायची, चहा करायचा, कान उघडे ठेवायचे आणि रोज घरी जाऊन अहवाल लिहायचा, असं माझं काम.

पहिल्याच आठवड्यात माझ्या बोटात दाभण घुसलं. बाइंडर म्हणाले, "बाई, बाहेरच्या पानाला रक्त लावू नका, गिऱ्हाईक ओरडतं. आतल्या पानाला चालेल." मला हसू फुटलं. खात्याने हसू दाबायला शिकवलं होतं, पण ते साहेबांच्या विनोदांवर.

दोरा ते फुटपट्टीने मोजत नसत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे हात मोजत. "पट्टी शोधत बसायला लागतं. हात काय, आहेच," म्हणत. महिन्याभरात मीही सुतळी, कापड, पडदे सगळं हातावर मोजू लागले. अजून मोजते.

त्यांची चूक होती तीही सांगते. बंदी असलेली पत्रकं त्यांनी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांत बांधून दिली होती. ते मी अहवालात लिहिलं. त्याबद्दल सहा महिन्यांची सजा झाली असती तर त्यांनी तक्रार केली नसती. पण एका गुरुवारी एक चष्मेवाला पुलाचा नकाशा घेऊन आला, तेव्हा बाइंडरनी त्या नकाशाची गुंडाळी करून त्याच्याच हातात दिली. "या पुलावरून माझी आई दवाखान्यात जाते. तू चालता हो." हेही मी शब्द न शब्द लिहिलं. ते पान कोर्टापर्यंत पोचलं नाही.

पोचलं ते दुसरंच. त्यांच्या आईंना ऐकू येत नसे आणि गोळीची वेळ चुकली की त्यांना भोवळ येई. मला तारा जोडता येत होत्या. मी गजराचं घड्याळ, चार सेल, छोटा बल्ब आणि पंधरा हात वायर विकत आणली, वायर दुकानात बाइंडरांसमोर मोजली आणि एक दिवा केला. आठ वाजले की तो आईंच्या खाटेशी लागायचा. पहिल्यांदा लागला तेव्हा आईंनी माझे दोन्ही हात धरले आणि बाइंडर कितीतरी वेळ नुसते त्या बल्बकडे बघत उभे राहिले. या माणसावर माझं प्रेम बसलं आहे हे मला त्या दिवशी कळलं. घरी जाऊन मी नेहमीसारखा अहवाल लिहिला.

आमच्या खात्याचा एक नियम होता. अहवाल लिहिणाऱ्याने अहवालात दिसायचं नाही. मी केलेला चहा नुसता 'चहा झाला', मी लावलेलं दार नुसतं 'दार लागलं'. तीन वर्षांत तो नियम माझ्या अंगात भिनला होता. त्या दिवशी मी लिहिलं, 'आज दुकानात आलेला माल: गजराचं घड्याळ एक, सेल चार, बल्ब एक, वायर पंधरा हात. मागच्या खोलीत जोडणी झाली.' कोणी आणलं, कोणी जोडलं, कशासाठी, यातलं एक अक्षर नाही. नियमाला धरून अगदी चोख अहवाल. साहेबांनी त्यावर लाल शाईत 'उत्तम' असा शेरा मारला.

चार दिवसांनी छापा पडला. त्या वेळी बाइंडर दिव्याची सैल झालेली वायर घड्याळाला घट्ट करत होते. घड्याळ आणि वायर हातात असतानाच सापडले.

मी साहेबांकडे धावले. सगळं सांगितलं. साहेब पेनाचं टोपण लावत म्हणाले, "बाई, तुम्ही अहवालात कुठे आहात? अहवालात नसलेला माणूस वायर कशी आणेल?" मी म्हटलं, मी कोर्टात सांगते. ते म्हणाले, "गुप्ततेची शपथ मोडलीत तर शेजारची कोठडी तुमची. आणि त्याला कळेल तुम्ही कोण ते. चालेल?" मला चाललं नाही. मी भ्याले. नोकरीला भ्याले, तुरुंगाला भ्याले आणि सगळ्यांत जास्त त्यांच्या डोळ्यांना भ्याले.

खटल्याला मी दुकानातली कामगार म्हणून मागच्या बाकावर बसले होते. आईंनी सांगितलं, "तो माझ्या औषधाचा दिवा आहे हो." लोक हसले. आईंना ते ऐकू आलं नाही, मला आलं. मग कारकुनाने गुप्त प्रतिनिधीचा अहवाल वाचला. वायर पंधरा हात, असं तो म्हणाला तेव्हा बाइंडरनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पूर्ण खटल्यात एकदाच. 'बाई, तुम्ही आणलीत ना, सांगा की,' अशी ती नजर मी गेली पस्तीस वर्षं वाचत आले आहे. मी खाली पाहिलं. सरकारी वकिलाने त्यांना विचारलं, हे सामान कोणी आणलं? ते म्हणाले, "आठवत नाही." एका गरीब कामगार बाईला गोवायचं नाही म्हणून त्या भल्या माणसाने नऊ वर्षं ओढवून घेतली, आणि ती बाई मी.

कलम ५. त्या नऊ वर्षांत मी खात्यात टेबलाचं काम मागून घेतलं, मालकाने दुकानाचं हे घर विकायला काढलं तेव्हा ते विकत घेतलं आणि आईंना रोज गोळ्या दिल्या. नवा दिवाही केला. आई सातव्या वर्षी गेल्या. बाइंडर सुटले त्या दिवशी मी फाटकाशी उभी होते, सगळं कबूल करायचं ठरवून. त्यांनी मला पाहिलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "उद्या नऊला या. गोंद तापवायला कोणी नाही." मी नऊला गेले. कबुली राहिली ती राहिलीच. पुढे त्यांनी मला दोनदा लग्नाचं विचारलं. पहिल्यांदा मी पाठदुखी सांगितली, दुसऱ्यांदा भाचीच्या परीक्षा. होकार देण्यासाठी जीव तुटत होता. पण एवढं खोटं पोटात ठेवून त्यांच्याशी लग्न करणं मला जमलं नसतं.

कलम ६. माझ्या सगळ्या अहवालांच्या कार्बन प्रती मी ठेवल्या आहेत. नकाशाचं पानही त्यांत आहे. माळ्यावर हिरव्या कापडाचा जाडजूड शब्दकोश आहे, त्याच्या पहिल्या वीस पानांनंतर शब्दकोश नाही, अहवाल आहेत. बांधणी माझी आहे, चांगली जमली आहे. मी गेल्यावर भाचीने तो कोर्टात न्यावा आणि बाइंडरांच्या नावावरची नोंद पुसली जाईपर्यंत कोणालाही स्वस्थ बसू देऊ नये. मेलेल्या बाईला शपथ मोडल्याबद्दल कोठडीत टाकता येत नाही.

कलम ७. या कामगिरीबद्दल मिळालेलं पदक साहेब हयात असल्यास त्यांना, नसल्यास खात्याला परत. सोबत चिठ्ठी नको. 'उत्तम' हा शेरा पुरे.

कलम ८. आईंचा दुसरा दिवा बाइंडरना. आता तेही एका कानाने कमीच ऐकतात, आणि आठची रक्तदाबाची गोळी ते विसरतात. सेल दर तीन महिन्यांनी बदलावेत.

पुरवणी, त्याच दिवशी. वरचं सगळं सकाळी लिहून झालं. दुपारी डॉक्टरीणबाई आणि शेजारी सहीसाठी यायचे होते, आणि भाची देखरेखीला. लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि स्वतःचीच चीड आली. यातही मी दिसत नव्हते. आधी मरायचं आणि मग दुसऱ्याच्या तोंडून खरं बोलायचं, म्हणजे पुन्हा तोच नियम. मी कागद घेऊन खाली गेले आणि बाइंडरांच्या पुढ्यात ठेवले. म्हटलं, "वाचा. मी इथेच उभी आहे."

त्यांनी हातातली शिवण पुरी केली, गाठ मारली, मग वाचायला घेतलं. शिडीला हसले. बाकीचं वाचताना चेहऱ्यावर काही दिसलं नाही. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "गजराचं घड्याळ तुम्ही खालच्या बाजारातून आणलंत, हे यात राहिलं."

मी म्हटलं, "एवढंच?"

"बाई, पोलीस वायर मीटरने मोजतात. हाताने मोजायला मी एकाच माणसाला शिकवलं होतं. कारकुनाने वाचलं तेव्हाच कळलं मला, म्हणून तर मागे वळून पाहिलं."

मी कापडाच्या ताग्यांवर बसले. विचारलं, "मग माझं नाव का नाही घेतलंत? आणि नऊला या कशाला म्हणालात?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर आईला गोळी कोण देणार होतं? पण आत खूप रागावलो होतो. पाच वर्षं तरी. पण आई पत्र लिहायची, दिवा रोज लागतो म्हणून. सुटलो तेव्हा ठरवलं, तुम्ही आपणहून सांगाल तेव्हा ऐकायचं. इतका उशीर लावाल असं वाटलं नव्हतं."

मी रडले, हे मृत्युपत्रात लिहिण्यासारखं नाही तरी लिहिते. ते मागच्या खोलीतून पाणी घेऊन आले.

तेव्हा कलम ६ बदलते. मी मरायची वाट कोणी पाहू नये. उद्या दहा वाजता शब्दकोश घेऊन मी स्वतः भाचीबरोबर कोर्टात जाणार आहे आणि पिंजऱ्यात उभी राहून सांगणार आहे, वायर मी आणली. शपथ मोडल्याची जी सजा होईल ती भोगेन. गुडघ्यांसाठी खुर्ची मागेन, बाकी काही नाही.

कलम १ही बदलावं लागत आहे, माझ्या मर्जीविरुद्ध. शेजारी सहीला आले तेव्हा बाइंडरनी त्यांना दारातूनच "आधी शिडी घेऊन या" म्हणून परत पाठवलं आणि पेन स्वतः उचललं. भाची ओरडली, "काका, तुम्ही साक्षीदार झालात तर घर मिळणार नाही तुम्हाला!" ते म्हणाले, "घर तू ठेव. मला खाली राहू दे, भाडं घे म्हणजे झालं. कोर्टात मी तोंड उघडलं नव्हतं. ही साक्ष माझी आहे." भाची इतकी वर्षं न्यायाधीशांशी भांडते, पण इथे तिने सहीच्या जागेवर बोट ठेवून दाखवलं. म्हणून घर भाचीला, आणि कलम २ व ८ मधली हत्यारं आणि दिवाही नावापुरते तिलाच, ते तिने त्यांच्याच हाताशी राहू द्यावेत. वरच्या उन्हाच्या खोल्या मात्र त्यांनाच द्याव्यात, आणि भाडं तिने माझ्याइतक्याच हट्टाने नाकारावं.

हे सगळं वाचून, समजून, पूर्ण शुद्धीत, आणि पहिल्यांदाच स्वतः लिहिलेल्या कागदात हजर राहून सही करते.

सही: लिहून ठेवणारी
ठिकाण: दुकान, शिवणाच्या चौकटीशेजारी
तारीख: बारा, मंगळवार, दुपारचे सव्वाचार

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. 'यांचं डोकं शाबूत आहे. रक्तदाब आज चढलेला आहे, पण त्याचं कारण मी पाहिलं आहे.' सही.

साक्षीदार दुसरे: बाइंडर. 'मी तेव्हा हजर होतो. वायर यांनी आणली. माझ्यासमोर मोजली. पंधरा हात, माझ्या आईच्या दिव्यासाठी.' सही.